इमारतीचे वजन नेमके कोणते?

औषधाची मात्रा ठरवण्याआधी डॉक्टर रुग्णाचे वजन विचारतात. पण नेमके कोणते वजन, हा प्रश्न रुग्णाच्या मनात सहसा येत नाही. काट्यावर दिसते ते, उंचीच्या मानाने असायला हवे ते, की या दोन्हींच्या मधले काही? स्थूल माणसाला जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाची मात्रा सरळ काट्यावरच्या वजनाने दिली तर मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते. उलट रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपॅरिनच्या काही इंजेक्शनांची मात्रा उंचीनुसार ठरणाऱ्या ‘आदर्श’ वजनाने काढली, तर ती अपुरी पडते. माणूस एकच असतो, पण कामाप्रमाणे त्याचे धरायचे वजन बदलते. चुकीचे वजन धरले की बेरीज-गुणाकार बिनचूक असूनही उत्तर चुकते.

इमारतीचेही असेच आहे, आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये राहणाऱ्यांनी हे समजून घेण्याची वेळ केव्हाच आली आहे. घोडबंदर रोडवर, कल्याण-शीळ रस्त्यावर घर घेताना माहितीपत्रकात ‘भूकंपरोधक रचना’ हे शब्द हमखास असतात. घेणारा जलतरण तलाव पाहतो, पार्किंग विचारतो, स्टेशनला जाणाऱ्या बसची चौकशी करतो. भूकंपाचा हिशेब करताना इमारतीचे वजन किती धरले, हे कोणी विचारत नाही. विचारले तरी विक्री कार्यालयात बसलेल्या तरुणाकडे उत्तर नसते. त्यात त्याचा दोष नाही. ते उत्तर संरचना अभियंत्याच्या संगणकात असते आणि बहुधा तिथेच राहते.

भूकंपात जमीन आडवी हलते. पाया जमिनीबरोबर जातो, वरचे मजले जडत्वामुळे मागे राहतात, आणि एक मजला खालच्या मजल्याच्या तुलनेत आडवा सरकतो. या सरकेला अभियंते ड्रिफ्ट म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १८९३ या संहितेनुसार ही सरक मजल्याच्या उंचीच्या ०.४ टक्क्यांहून अधिक असता कामा नये. तीन मीटर उंचीच्या मजल्याला म्हणजे १२ मिलिमीटर. हाताच्या बोटाच्या रुंदीपेक्षाही कमी. एवढ्याशा सरकेची काळजी का करायची, असे कोणालाही वाटेल.

डोक्यावर भरलेली पाटी घेऊन चालणारा हमाल डोळ्यांपुढे आणावा. तो ताठ असतो तोवर पाटीचे वजन मानेतून, पाठीच्या कण्यातून सरळ पायांत उतरते. गर्दीत कोणाचा धक्का लागून तो किंचित कलला, की तेच वजन त्याला आणखी कलवू लागते. धक्का किरकोळ होता, पण पाडते ती पाटी. पाटी जितकी जड आणि कलणे जितके जास्त, तितकी ही ओढ वाढते. इमारतीत याला पी-डेल्टा परिणाम म्हणतात. ‘पी’ म्हणजे खांबांवरचे वजन, ‘डेल्टा’ म्हणजे सरक. म्हणून सरक किती एवढे पाहून भागत नाही. ती सरक होत असताना डोक्यावर किती वजन होते, हे त्याच वेळी पाहावे लागते. खरा घोळ इथेच आहे, कारण संहितेत वजन एक नाही.

इमारतीचे स्वतःचे वजन, म्हणजे स्लॅब, तुळया, खांब, भिंती, लाद्या, हा झाला डेड लोड. हा कायम असतो आणि पूर्ण मोजला जातो. माणसे, कपाटे, पलंग, धान्य, पुस्तके हा लाइव्ह लोड. राहत्या घरांसाठी तो दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. भूकंपाचा आडवा धक्का काढताना मात्र यातला चौथाच हिस्सा घेतात. भार चौरस मीटरला सुमारे ३०० किलोंहून जास्त असेल, जसा गोदामात किंवा कागदपत्रांच्या खोलीत असतो, तर निम्मा घेतात. गच्चीवरचा लाइव्ह लोड धरतच नाहीत. हे कुणाला बनवाबनवी वाटेल, पण त्यामागे समजूतदार कारण आहे. सगळ्या मजल्यांवर एकाच क्षणी पूर्ण भार असणे दुर्मीळ. शिवाय माणसे आणि सामान स्लॅबला घट्ट बांधलेले नसते.

डोंबिवलीहून सकाळी निघालेल्या लोकलमध्ये हे रोज अनुभवाला येते. गाडीने अचानक झटका दिला की डबा पुढे जातो. दांडीला धरून उभे असलेले लोक मागे झुकतात, घसरतात, एकमेकांवर रेलतात. डब्याच्या हालचालीला ते तंतोतंत साथ देत नाहीत. त्यामुळे त्या झटक्याच्या हिशेबात त्यांचे पूर्ण वस्तुमान धरण्याची गरज नसते. पण त्याच क्षणी डब्याच्या स्प्रिंगांवर मात्र त्या सगळ्यांचे वजन किलोकिलोने बसलेले असते. कोणी झुकले म्हणून स्प्रिंगवरचे ओझे चौथाईवर येत नाही.

एवढे लक्षात आले की बाकी सोपे आहे. आडवा धक्का किती, हे काढताना चौथा हिस्सा ठीक. पण सरकलेल्या खांबांना खाली ढकलणारे वजन किती, हे पाहताना आपोआप तोच चौथा हिस्सा उचलणे ठीक नाही. संगणकातल्या आज्ञावलीत एकदा भरलेला आकडा दोन्हीकडे वापरला गेला, तर तपासणी कागदावर उत्तीर्ण होते आणि खांबांना ते ठाऊक नसते.

आकड्यांत बोलायचे तर एक नमुना घेऊ. खाली मोकळे पार्किंग, वर सात मजले, प्रत्येक मजला ३०० चौरस मीटर. ठाण्यात अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. भिंती-लाद्यांसह चौरस मीटरला १.२ टन धरले, तर सात मजल्यांचे २,५२० टन होतात. गच्ची आणि टाक्यांचे २८० टन मिळवून इमारतीचे स्वतःचे वजन २,८०० टन. लाइव्ह लोड पूर्ण धरला तर ४२० टन, चौथा हिस्सा धरला तर १०५ टन. ठाणे-कल्याणचा पट्टा २०१६च्या संहितेत तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे. तिथे चांगल्या लवचीक सांगाड्याच्या अशा इमारतीला हिशेबातला आडवा धक्का वजनाच्या चार टक्के येऊ शकतो, म्हणजे सुमारे ११६ टन. पार्किंगच्या मजल्याची उंची तीन मीटर आणि सरक मर्यादेइतकी, म्हणजे १२ मिलिमीटर धरली. मग वजनामुळे येणारी जादा ओढ मूळ धक्क्याच्या ओढीच्या किती टक्के, हे काढायचे. चौथा हिस्सा धरून उत्तर येते १० टक्के. पूर्ण लाइव्ह लोड धरला तर ११ टक्के. आणि ताकदीच्या तपासणीत धरतात त्याप्रमाणे सगळे वजन १.२ने वाढवून घेतले तर १३ टक्के.

अमेरिकी संहितेत हे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असेल तर पी-डेल्टाकडे दुर्लक्ष करायला मुभा आहे, त्यापुढे नाही. म्हणजे इमारत तीच, भूकंप तोच, खांबही तेच. वजन कोणते धरले एवढ्यावरून ती कुंपणाच्या अलीकडे राहते किंवा पलीकडे जाते. तीच अमेरिकी संहिता असेही सांगते की या तपासणीसाठी कोणत्याही भाराचा गुणक एकपेक्षा मोठा धरण्याची गरज नाही. म्हणजे १.२ने वाढवणे सक्तीचे नाही. यावर अभियंत्यांत मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही. प्रश्न दोन प्रामाणिक मतांमधल्या फरकाचा नाही. कोणते मत घेतले ते कुठेच लिहिलेले नसते, हा आहे. आणि हा १२ मिलिमीटरचा आकडा मुळात हिशेबापुरता कमी केलेल्या धक्क्याचा आहे. इमारत मोडणार नाही, वाकून तग धरेल, या भरवशावर संहिता धक्का काही पटींनी घटवून देते. खऱ्या मोठ्या भूकंपात सरक त्याच्या कित्येक पट होते. तेव्हा डोक्यावरचे वजनही कित्येक पट जोराने ओढते.

जड तेच धोक्याचे, असा निष्कर्ष मात्र काढू नये. उंच, अरुंद टॉवर वाऱ्याने किंवा भूकंपाने उलटण्याच्या बेताला येतो, तेव्हा त्याला जमिनीवर धरून ठेवते ते त्याचे वजनच. तिथे हिशेबात जास्त वजन धरणे म्हणजे स्वतःची समजूत घालून घेणे. म्हणून त्या तपासणीत संहिता डेड लोडसुद्धा पूर्ण धरू देत नाही, नव्वद टक्केच धरायला लावते, आणि माणसे-सामान शून्य. याची उदाहरणे संध्याकाळी कल्याण-शीळ रस्त्यावरून जाताना दिसतात. नवा टॉवर पूर्ण उभा असतो आणि दिवे मोजक्याच खिडक्यांत लागलेले असतात. ती इमारत तिच्या सर्वांत हलक्या अवस्थेत आहे. भूकंप सगळे रहिवासी राहायला येईपर्यंत थांबत नाही. थोडक्यात, सरक आणि स्थैर्य पाहताना संभाव्य भारी वजन, उलटणे पाहताना संभाव्य हलके वजन. दोन्ही वेळा इमारतीला गैरसोयीचे असेल तेच धरायचे.

‘ठाण्यात कुठे भूकंप होतो?’ हा प्रश्न इथे येणारच. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा अहमदाबादकरांनाही असेच वाटत असणार. केंद्रापासून ते शहर दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी तिथे सुमारे सत्तर बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे मेली. त्यातल्या बहुतेक इमारती खाली मोकळे पार्किंग असलेल्या होत्या. वरच्या मजल्यांना भिंतींचा आधार, खालचा मजला नुसत्या खांबांवर. सगळी सरक त्या एका मजल्यात गोळा झाली आणि वरचे सारे वजन त्या कललेल्या खांबांवर आले. अहमदाबाद भूकंपनकाशात तिसऱ्या क्षेत्रात आहे. ठाणेही तिसऱ्याच क्षेत्रात आहे. मोकळ्या पार्किंगचे खांब ठाण्यातही तसेच आहेत. खाडीकाठचा आणि उल्हास नदीच्या बाजूचा गाळाचा, भरावाचा पट्टा धरला तर जमीनही काही फार वेगळी नाही. मऊ जमीन हादरा वाढवते. मेक्सिको शहराने याची किंमत १९ सप्टेंबर १९८५ रोजी मोजली. भूकंपाचे केंद्र तीनशे किलोमीटरहून दूर समुद्रकिनारी होते, पण शहर जुन्या तलावाच्या गाळावर वसलेले होते. तिथे पडलेल्या इमारतींत कापडाची यंत्रे आणि मालाचे ढीग भरलेल्या कारखान्यांच्या इमारती होत्या. मजल्यांवर रचनेत धरलेल्यापेक्षा जास्त भार असल्याचे नंतरच्या पाहणीत अनेक ठिकाणी दिसले. दोन मोठी रुग्णालयेही कोसळली. जिथे जखमींना न्यायचे, तीच जागा ढिगाऱ्यात गेली.

महाराष्ट्रालाही हे नवे नाही. १९६७ मध्ये कोयना, १९९३ मध्ये किल्लारी. आणि २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या डहाणू-तलासरी भागात २०१८च्या नोव्हेंबरपासून लहान लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. तिथली कुटुंबे थंडीत घराबाहेर झोपली, हे फार जुने नाही.

आता कागदावरचे वजन सोडून प्रत्यक्ष वजनाकडे येऊ. तीस वर्षांत इमारत किती जड होते, याचा विचार सोसायटीच्या सभेत कधी होत नाही. पार्किंगच्या जागेवरून तास तास भांडणे होतात, वजनावरून होत नाहीत. वरची सात मजली नमुना इमारतच घेऊ. गच्ची गळू लागली की ब्रिकबॅट कोबा करतात. तो चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा गळती झाली की जुना कोबा फोडण्याचा खर्च आणि धूळ नको म्हणून त्यावरच दुसरा टाकतात. ३०० चौरस मीटर गच्चीवर हे झाले ६० टन. पाणी दिवसाआड येते म्हणून जादा टाक्या बसवल्या. वीस हजार लिटर म्हणजे पाण्याचेच २० टन. निम्म्या घरांनी जुन्या लाद्यांवर नव्या लाद्या बसवल्या. मसाल्यासह चौरस मीटरला १०० किलो धरले तर हे सुमारे १०५ टन. अठ्ठावीस घरांच्या बाल्कन्या चार इंची विटांच्या भिंती घालून खोलीत घेतल्या. घरामागे तीन मीटर लांबीची भिंत धरली तरी सर्व मिळून ५५ टनांच्या आसपास. गच्चीवर पत्र्याची शेड, लोखंडी कैच्या, कोपऱ्यात साठवलेल्या जुन्या फरशा, धरू या दहा टन.

बेरीज २५० टन होते. यातला एक किलोही मूळ हिशेबात नाही. इमारत साडेआठ टक्क्यांनी जड झाली, पण परिणाम साडेआठ टक्क्यांवर थांबत नाही. जादा वजन दोनदा मोजले जाते. एकदा ते भूकंपाचा धक्का वाढवते, त्यामुळे सरक वाढते. दुसऱ्यांदा त्या वाढलेल्या सरकेवर तेच वाढलेले वजन खाली दाबते. दोन्हींचा गुणाकार होऊन जादा ओढ १८ टक्क्यांच्या आसपास वाढते. शिवाय हे वजन बऱ्याच अंशी वर, गच्चीपाशी बसलेले असते आणि भूकंपात वरच्या वजनाचा झोका मोठा असतो. तिकडे खांबांतले लोखंड खाडीच्या दमट, खाऱ्या हवेत गंजत असते, ते वेगळेच. वजन वाढणाऱ्या आणि हाडे ठिसूळ होत जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखी तिची अवस्था होते.

गच्चीवरची बाग हल्ली अनेकांना हवीहवीशी वाटते. बाग चांगलीच आहे. पण ओल्या मातीचा एक फूट थर चौरस मीटरला अर्ध्या टनाहून अधिक भरतो, हे कुंड्या उचलणाऱ्यांनी एकदा काट्यावर पाहावे. कोजागिरीला जमणाऱ्या माणसांचे वजन रात्री खाली उतरते, मातीचे उतरत नाही. संहितेत गच्चीवरचा लाइव्ह लोड शून्य धरण्याची जी सवलत आहे, ती अशा कायमच्या गोष्टींना लागू नाही. गच्चीवर पक्की बसवलेली यंत्रे, मोबाइलचे मनोरे, टाक्या पूर्ण धरायच्या असतात. एवढेच नव्हे, भूकंपावेळी मजल्यांवर प्रत्यक्ष किती भार असेल याचा अधिक नेमका अंदाज उपलब्ध असेल, तर कोष्टकातल्या हिश्श्याऐवजी तो घेण्याची मोकळीक आयएस १८९३ अभियंत्याला देते. म्हणजे नियम आडवा येत नाही. मोजायला कोणी जात नाही.

या भागात इमारती पडायला भूकंपाची वाटही पाहावी लागलेली नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुले कितीतरी. धक्का नव्हता, वादळ नव्हते. नुसत्या उभ्या वजनाखाली ती बसली. २०१५च्या जुलैअखेरीस ठाकुर्लीत मातृछाया आणि लगेच ऑगस्टच्या सुरुवातीस नौपाड्यात कृष्णा निवास पडली. पहिल्या दुर्घटनेत नऊ आणि दुसरीत बारा माणसे गेली. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या चर्चेत फसवल्या गेलेल्या कुटुंबांचे काय, कर्जाचे काय, हे प्रश्न आले आणि ते यायलाच हवे होते. पण परवानगीच बनावट असेल तर भाराचा हिशेब खरा असण्याची शक्यता किती, हे फारसे कोणी विचारले नाही.

पडलेल्या इमारतीतून जिवंत काढलेल्या माणसांचे काय होते, हे या सदराच्या वाचकांना माहीत असावे. तुळईखाली मांडी चार-सहा तास चिरडलेली असते, माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, पाणी मागतो. तुळई उचलली जाते, टाळ्या वाजतात आणि थोड्याच वेळात त्याचे हृदय बंद पडते. चिरडलेल्या स्नायूंत साठलेले पोटॅशियम दाब निघताच एकदम रक्तात येते, म्हणून हे घडते. त्यातून वाचला तर स्नायूंमधले मायोग्लोबिन मूत्रपिंडे बंद पाडते. म्हणून ढिगाऱ्यातून ओढून काढण्याआधीच, शक्य तिथे, शिरेतून सलाइन सुरू करावे लागते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांनंतर १९४१ मध्ये या विकाराचे नीट वर्णन झाले. १९९९च्या तुर्कस्तानातल्या मार्मारा भूकंपात अशा ६३९ रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाल्याची नोंद आहे आणि त्यातल्या ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतली डायलिसिस यंत्रे मुळात रोजच्या रुग्णांसाठी असतात. एका रात्रीत शेकडो नवे रुग्ण आले तर त्यांना कुठे ठेवायचे, याचे उत्तर वैद्यकाकडे नाही. ते खांबांच्या हिशेबातच शोधावे लागेल.

रुग्णालयांच्या इमारतींसाठी संहिता भूकंपाचा धक्का दीडपट धरायला लावते. ते योग्यच आहे. भुजचे सरकारी रुग्णालय २००१ मध्ये रुग्णांसह कोसळले होते. त्याच्या जागी बांधलेली नवी इमारत रबर आणि शिशाच्या बेअरिंगांवर उभी केली गेली, म्हणजे जमीन हलली तरी वरची इमारत कमी हलावी. पण जुन्या सरकारी रुग्णालयांत नेमका वजनाचा प्रश्न वाढत जातो. वॉर्ड म्हणून बांधलेल्या खोलीत जुन्या केसपेपरांचे गठ्ठे छतापर्यंत रचले जातात. व्हरांड्यात ऑक्सिजनची भरलेली सिलिंडरे ओळीने उभी राहतात. नवे यंत्र आले की जिथे जागा असेल तिथे बसते. कागद दिसायला हलका असतो, पण गठ्ठ्यांनी भरलेली खोली ही रुग्णांच्या खोलीपेक्षा कितीतरी जड असते. ठाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या जुन्या इमारतीच्या जागी नवी उभारण्याचे काम हाती घेतले गेले. अशा प्रत्येक नव्या इमारतीत रेकॉर्ड रूम कोणत्या मजल्यावर आणि किती भाराची, हे दारावर लिहिलेले असले तर पुढच्या वीस वर्षांतल्या अधीक्षकांना ते उपयोगी पडेल.

तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. पालिका दर पावसाळ्याआधी यादी काढते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, मग सी-२ए, सी-२बी, सी-३. नोटिसा लागतात, कोणी न्यायालयात जातो, कोणी भाड्याच्या खोलीच्या शोधात फिरतो. ऑडिटमध्ये काँक्रीटवर हातोडीची चाचणी होते, ध्वनिलहरी सोडतात, गंज पाहतात, तड्यांचे फोटो काढतात. हे सगळे आवश्यक आहे. पण रुग्णाची शुगर, रक्तदाब, एक्स-रे सगळे करून त्याला काट्यावर उभेच करू नये, तसे हे झाले आहे. इमारत आज किती जड आहे, ही नोंद बहुतेक अहवालांत नसते.

ती घ्यायला महागडे यंत्र लागत नाही. एक अनुभवी अभियंता, टेप आणि दोन दिवस पुरतात. कोब्याची जाडी एका कोपऱ्यात भोक पाडून कळते. टाक्यांची मापे दिसतात. किती घरांनी भिंती हलवल्या, लाद्या बसवल्या, हे शेजारी सांगतात, जरा जास्तच सांगतात. अडचण आहे ती जुन्या नकाशांची. ग्रामपंचायतीच्या काळात किंवा महापालिका नवी असताना बांधलेल्या कित्येक इमारतींचे संरचनेचे नकाशे कोणाकडेच नाहीत. तिथे खांबांची मापे आणि लोखंड शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि तो खर्च मध्यमवर्गीय सोसायटीला जड वाटणार. जुन्या, लहान इमारतींसाठी पालिकेने त्यात वाटा उचलावा. किसननगरसारख्या क्लस्टर योजनांची चर्चा वर्षानुवर्षे चालते. त्या पूर्ण होईपर्यंत माणसे जुन्याच छपराखाली झोपणार आहेत.

नव्या इमारतींचे काम तर सोपे आहे. भोगवटा प्रमाणपत्राबरोबर एक पानाचा कागद सोसायटीला मिळावा. सरक आणि स्थैर्याच्या तपासणीत लाइव्ह लोडचा किती हिस्सा धरला, उलटण्याच्या तपासणीत किती धरला, गच्चीवर कायमचा किती भार चालेल, टाक्या किती लिटरपर्यंत, कोणत्या भिंतींना हात लावायचा नाही, एवढेच त्यात मराठीत लिहिलेले असावे. तो कागद लिफ्टच्या परवान्याशेजारी लावावा. विकासकांना यात नवे काही करायचे नाही. आकडे त्यांच्या अभियंत्याकडे असतातच. नसतील, तर तेही प्रमाणपत्र देण्याआधीच कळेल.

जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी पालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. या उन्हाळ्यात गच्चीचे काम काढणार असाल, तर ठेकेदाराकडून दोन दर मागवा, एक जुन्या कोब्यावर नवा टाकण्याचा आणि दुसरा जुना काढून नवा टाकण्याचा. दुसरा दर बराच जास्त असेल. पण ३०० चौरस मीटर गच्चीवरचा एक जुना थर उतरवला, तर डेब्रिज न्यायला दहा टनी ट्रकच्या सहा फेऱ्या होतात.